माळ्यावरचं १९९६: जुना कन्सोल आणि पार्लरचा बोर्ड पुन्हा चालू करताना

माळ्यावरून उतरवलेला कन्सोल लगेच प्लगला लावायचा नाही. पंचवीस-तीस वर्षं पडून राहिलेलं यंत्र नुसत्या वयाने क्वचितच जातं. ते जातं चुकीच्या व्होल्टेजने, नाहीतर आपल्याकडच्या पावसाळी ओलीने. म्हणून कामाचा क्रम मोडू नका: आधी वीज, मग ओल, मग चित्र, आणि गेम सगळ्यात शेवटी.

१९९६ सालचा माल हाताळताना तीन वेगवेगळे प्रकार समोर येतात. सोनीचं प्लेस्टेशन आणि सेगाचा सॅटर्न १९९४च्या अखेरीस जपानात आणि १९९५मध्ये अमेरिका-युरोपात आले, दोन्ही सीडीवाले. निन्टेन्डो ६४ जपानात २३ जून १९९६ला आणि अमेरिकेत २९ सप्टेंबरला उतरला, तो मात्र कॅसेट घेऊनच. व्हिडिओ गेम पार्लरसाठी त्याच वर्षी ‘मेटल स्लग’, ‘किंग ऑफ फायटर्स ९६’ आणि ‘स्ट्रीट फायटर अल्फा २’ निघाले. आपल्याकडे ज्याला सगळे ‘मुस्तफा’ म्हणतात तो ‘कॅडिलॅक्स अँड डायनॉसॉर्स’ त्याआधीचा, १९९३चा. पण बोर्डाची (गेमच्या सर्किटच्या पाटीची) जोडणी तीच, त्यामुळे खाली बोर्डाबद्दल जे लिहिलंय ते त्यालाही लागू आहे.

वीज

कन्सोल उलटा करा आणि बुडावरची पट्टी वाचा. तिथे १०० व्होल्ट (जपान), १२० व्होल्ट (अमेरिका) किंवा २२०-२४० व्होल्ट (युरोप) असं छापलेलं असतं. प्लेस्टेशनवर मॉडेल नंबरही दिसतो: एससीपीएच-१००० जपानचं, १००१ अमेरिकेचं, १००२ युरोपचं. दुबईहून काकांनी आणलाय म्हणजे २३०चाच असणार, असं धरून चालू नका. तिथल्या दुकानांत अमेरिकन आणि जपानी मालही विकला जायचा.

खरा घात वायरने होतो. प्लेस्टेशन आणि सॅटर्न दोघांनाही आठाच्या आकाराची दोन पिनांची वायर लागते, आणि तीच वायर आपल्या घरातल्या टेपरेकॉर्डरला असते. वायर बसते, म्हणून माणूस लावून मोकळा होतो. १०० किंवा १२०च्या यंत्राला २३० मिळाले की आतला फ्यूज तरी उडतो किंवा प्रायमरीकडचा (मेन लाइनच्या बाजूचा) मोठा कंडेन्सर फुटतो. नुसता फ्यूज गेला असेल तर नशीब समजा. तरीही फ्यूज बदलून लगेच सुरू करू नका. आधी ब्रिज (एसीचं डीसी करणारे डायोड) आणि स्विचिंग ट्रान्झिस्टर मीटरने शॉर्टसाठी तपासा.

अमेरिकन यंत्राला २३०चे ११० करणारा स्टेपडाउन लागतो. प्लेस्टेशन किंवा सॅटर्नला ५० व्हीएचा भरपूर झाला. हलका, ट्रान्झिस्टरवाला ‘ट्रॅव्हल कन्व्हर्टर’ घेऊ नका, लोखंडी कोरचा ट्रान्सफॉर्मरच घ्या. पण एक हिशोब ध्यानात असू द्या: २३०ला ११० देणारा ट्रान्सफॉर्मर २६०ला १२४ देतो. खेड्यात रात्री उशिरा, शेतातले पंप बंद झाल्यावर लाइन चढते. १०० व्होल्टच्या जपानी यंत्राला तेव्हा हे फार होतं. म्हणून स्टेपडाउनच्या आधी स्टॅबिलायझर ठेवा. जपानी यंत्रासाठी १००चा टॅप असलेला ट्रान्सफॉर्मर वाइंडिंगवाल्याकडून करून घेता येतो.

घरचा इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर लाइट गेल्यावर स्टेपडाउन गुणगुणायला लागतो आणि तापतो. त्या वेळी खेळ बंद ठेवा. साइन वेव्ह असेल तर अडचण नाही.

निन्टेन्डो ६४चं काम सोपं. त्याचा अडॅप्टर पाठीमागच्या खाचेत बसणारा सुटा ठोकळा असतो आणि कन्सोलला ३.३ आणि १२ व्होल्ट डीसी पुरवतो. अमेरिकन किंवा जपानी कन्सोल असला तरी युरोपातला २३०चा ठोकळा मिळवून लावला की झालं. स्टेपडाउनची गरज नाही.

पहिल्यांदा वीज देताना सिरीज बोर्ड वापरा. इलेक्ट्रिशियनकडे असतो तोच, ६० वॉटचा पिवळा बल्ब फेजमध्ये सिरीजला. एलईडी बल्ब इथे चालत नाही. स्टेपडाउन असेल तर बल्ब त्याच्या आधी, २३०च्या बाजूला. बल्ब क्षणभर भडकून मंद झाला तर ठीक. लख्ख पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे, प्लग काढा.

एप्रिल-मेमधल्या वळवाच्या दिवसांत गडगडायला लागलं की प्लगबरोबर केबलची तारही टीव्हीतून काढायची. विजेचा झटका केबलमधून टीव्हीत आणि तिथून एव्ही पिनमार्गे कन्सोलमध्ये येतो. स्विच बंद करून भागत नाही.

ओल आणि धूळ

आमच्या एकाच बेळगाव जिल्ह्यात दोन तऱ्हा आहेत. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे यंत्र ओलीने जातं: कनेक्टरवर हिरवट थर, लेन्सवर धूसरपणा, सीडीवर बुरशी. अथणी, रायबागकडे कोरडी बारीक धूळ जास्त, आणि निपाणीत वखारीजवळच्या घरात तंबाखूची पूड. ती ओल धरून चिकटते आणि ब्रशने निघत नाही.

यंत्र उघडून, झाकण बाजूला ठेवून, पंख्याखाली कोरड्या खोलीत एक-दोन दिवस राहू द्या. उन्हात ठेवू नका. प्लॅस्टिक पिवळं पडतं आणि ठिसूळ होतं. मग मऊ ब्रश, आणि चिकट जागी ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल. थिनर आणि पेट्रोल प्लॅस्टिक खातात. गंजावर मारायचा स्प्रे कनेक्टरवर मारून तसाच सोडला तर तेलकट थर उरतो आणि धूळ दुप्पट बसते.

कॅसेटच्या सोनेरी पट्ट्या अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या इअरबडने पुसा. काळा डाग अडून बसला तर पांढरं खोडरबर हलक्या हाताने, आणि मागोमाग परत अल्कोहोल. पॉलिश पेपर लावायचा नाही. सोन्याचा मुलामा अगदी पातळ असतो. कॅसेटमध्ये फुंकर मारायची सवयही सोडा. तोंडातली वाफच पट्ट्या काळ्या करते.

चित्र

आपला टीव्ही पाल पद्धतीचा: ६२५ रेषा, ५० हर्ट्झ. अमेरिकन आणि जपानी कन्सोल एनटीएससी: ५२५ रेषा, ६० हर्ट्झ. एनटीएससी कन्सोल साध्या पाल टीव्हीला लावला तर चित्र वर-खाली पळतं, किंवा स्थिर राहिलं तरी काळं-पांढरं दिसतं. चित्र काळं-पांढरं म्हणजे कन्सोल बिघडला, असं ठरवून लोक तो भंगारात टाकतात. मल्टी-सिस्टीम डबा टीव्ही असेल तर मेन्यूतली कलर सिस्टीम ‘ऑटो’ किंवा ‘एनटीएससी ३.५८’ करा, बहुतेक वेळा तेवढ्याने रंग येतो.

उलट पाल कन्सोल इथे सरळ चालतो, पण त्या काळातले कित्येक गेम पालसाठी नीट जुळवलेलेच नव्हते. ५० हर्ट्झवर ते साधारण १७ टक्के हळू पळतात आणि वर-खाली काळ्या पट्ट्या येतात. मारामारीच्या गेममध्ये हा फरक बोटांना लगेच कळतो. दोन्हीतून निवडायची वेळ आली तर स्टेपडाउनचा त्रास सोसून एनटीएससी घ्यावा, असं आमचं मत.

सॅटर्नवर १९९६मध्ये आलेला ‘व्हर्च्युआ कॉप २’ बंदुकीने खेळायचा असेल तर पिक्चर ट्यूबच लागते. बंदूक ट्यूबवरून सरकणाऱ्या किरणाची वेळ मोजते, आणि एलसीडीत तो किरणच नाही. एलसीडीवर नेम लागत नाही म्हणून बंदूक खोलून बसू नका.

डबा टीव्ही उघडायचाच असेल तर तो शिकलेल्या मेकॅनिककडे न्या. एलओटीपासून (टीव्हीतल्या हाय व्होल्टेज ट्रान्सफॉर्मरपासून) ट्यूबला जाणाऱ्या जाड तारेवर २० हजार व्होल्टच्या पुढे दाब असतो, आणि प्लग काढल्यावरही ट्यूब तो धरून ठेवते.

सीडीवाले दोघे आणि कॅसेटवाला

पहिल्या प्लेस्टेशनमध्ये लेन्सचा गाडा प्लॅस्टिकच्या खाचेवर सरकतो आणि पॉवर सप्लायच्या शेजारी बसतो. उष्णतेने प्लॅस्टिक झिजतं, गाडा तिरका होतो. लक्षण ठरलेलं: गेम चालतो, पण मधला व्हिडिओ अडखळतो, कारण व्हिडिओला सीडी अखंड वाचावी लागते. यंत्र उलटं ठेवून खेळायची युक्ती यामुळेच चालायची. उलटं केल्यावर गाडा दुसऱ्या बाजूला टेकतो. तो तात्पुरता उपाय. क्रमाने असं करा: लेन्स अल्कोहोलच्या इअरबडने हलकेच पुसा, दाब न देता. गाड्याच्या खाचेतलं जुनं वाळलेलं ग्रीस काढून पांढरं प्लॅस्टिकचं ग्रीस अगदी कणभर लावा. एवढ्यावर भागलं नाही तर सगळा केएसएम-४४० असेंब्लीचा भाग बदला. लेन्सजवळचा बारीक प्रीसेट (स्क्रूड्रायव्हरने फिरवायचा रेझिस्टर) फिरवायचा मोह होईल. फिरवण्याआधी त्याचा ओहममधला आकडा लिहून ठेवा, नाहीतर परतीची वाट नाही. लेझरला जास्त करंट गेला की चार दिवस झकास चालतो आणि मग कायमचा बसतो.

सॅटर्नची मागची छोटी खिडकी उघडली की सीआर२०३२ सेल दिसतो. तो संपला की सेव्ह जातात आणि प्रत्येक वेळी तारीख-भाषा विचारली जाते. दुकानातला कुठलाही चांगला सेल चालतो, पण सेल काढला की आतल्या ३२ केबी स्मृतीतलं जपलेलं सगळं जाणार, हे गृहीत धरा.

निन्टेन्डो ६४ चालू होऊन दिवा लागला पण पडदा काळा, तर आधी पुढचं झाकण उघडा. तिथे जंपर पॅक किंवा एक्स्पान्शन पॅक (मेमरीच्या खाचेतला छोटा ठोकळा) घट्ट बसलेला असायलाच हवा. तो नसेल तर चित्र येतच नाही. ‘सुपर मारियो ६४’चे सेव्ह ईईप्रॉम चिपवर असतात, त्यात सेल नाही. कंट्रोलरमागे लावायच्या कंट्रोलर पॅकमध्ये मात्र सीआर२०३२ आहे. मधली काठी सैल पडून खाली पांढरी पूड जमली असेल तर आतली वाटी झिजलीय. पूड पुसल्याने थोडा फरक पडतो. खरा उपाय वाटी आणि काठी बदलणं. मशीनचं तेल सोडू नका, प्लॅस्टिक आणखी मऊ होतं.

पार्लरचा बोर्ड

खरी मजा इथे आहे. जुन्या पार्लरचा बोर्ड हाती लागला तर कडेच्या पट्ट्या मोजा. एका बाजूला २८, दुसऱ्या बाजूला २८, दोन पट्ट्यांमध्ये ३.९६ मिमी अंतर, असं असेल तर तो १९८५पासून चालत आलेल्या जॅमा जोडणीचा. एक हार्नेस (कनेक्टरसकट तारांचा जुडगा) केला की कित्येक बोर्ड अदलून-बदलून चालतात.

सामानाची यादी छोटी आहे: जॅमा हार्नेस, आर्केडचा एसएमपीएस (५, १२ आणि उणे ५ व्होल्ट देणारा पॉवर सप्लाय), ८ ओहमचा स्पीकर, दोन जॉयस्टिक, बटणं, मल्टीमीटर. कॅबिनेटला १८ मिमी बीडब्ल्यूआर (पाण्याला टिकणारं) प्लायवूड. पार्टिकल बोर्ड एका पावसाळ्यात फुगतो आणि स्क्रू धरत नाही. कंट्रोल पॅनेलचा पत्रा किंवा अ‍ॅक्रिलिक बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत कापून मिळतं. ड्रॉइंग देण्याआधी बटणं हातात घेऊन मोजा. जपानी पद्धतीची ३० मिमीची असतात आणि स्टार्टची २४ची, बाकी बरीच २८ची. दोन मिमीने चुकलं तर पत्रा वाया.

पिनांचा हिशोब असा. घटकांच्या बाजूला १ आणि २ ग्राउंड, ३ आणि ४ पाच व्होल्ट, ५ उणे पाच, ६ बारा व्होल्ट. सोल्डरच्या बाजूला ए-बी, सी-डी, ई, एफ यांनाही अनुक्रमे तेच. १० आणि एल स्पीकर. १२ लाल, एन हिरवा, १३ निळा, पी सिंक (चित्र जागेवर धरणारा सिग्नल), १४ व्हिडिओ ग्राउंड. १६ कॉइन, १७ स्टार्ट, १८ ते २१ वर-खाली-डावं-उजवं, २२ ते २४ बटणं. दुसऱ्या खेळाडूचं तसंच समोरच्या बाजूला. २७, २८ आणि ई, एफ (लहान लिपीतले) परत ग्राउंड.

७ नंबरच्या जागी खाच असते, हार्नेस उलटा बसू नये म्हणून. स्वस्त हार्नेसमध्ये तिथली पट्टी बसवलेलीच नसते. उलटा लावला तर बारा व्होल्टची तार २३ नंबरवर, म्हणजे दोन्ही खेळाडूंच्या दुसऱ्या बटणाच्या जागी जाते आणि इनपुटची आयसी तिथेच संपते. पट्टी नसेल तर प्लॅस्टिकचा तुकडा कापून चिकटवा आणि एक नंबरच्या टोकाला लाल नेलपॉलिश लावून ठेवा.

आता वीज. एसएमपीएसवर एक प्रीसेट असतो. बोर्ड न लावता तो ५ व्होल्टच्या आसपास आणा, बंद करा, बोर्ड लावा, परत सुरू करा आणि आता बोर्डाच्या कडेवरच ३ आणि १ नंबरमध्ये मोजा. एसएमपीएसच्या स्क्रूवर ५.१ दिसत असले तरी बारीक तारेतून बोर्डापर्यंत ४.७ पोचलेले असू शकतात. कडेवर ५.०० ते ५.०५ ठेवा. ४.७५च्या खाली बोर्ड सारखा रिसेट होतो किंवा चित्राचा कचरा दिसतो, ५.२५च्या वर आयसी धोक्यात. आकडा कमी येतोय म्हणून नुसता प्रीसेट चढवत बसण्याऐवजी ५ व्होल्ट आणि ग्राउंडच्या तारा जाड करा, सगळ्या पिनांना.

बटणांचं काम साधं. बटण दाबलं की त्याची पिन ग्राउंडला टेकते, बस. ग्राउंडची एकच तार एका बटणावरून दुसऱ्यावर अशी फिरवलेली असते. त्यामुळे चौथं बटण आणि पुढची सगळी मेली असतील तर बटणं बदलू नका, तिसऱ्या-चौथ्यामधली तार बघा. निओ जिओच्या एमव्हीएस बोर्डाला (‘मेटल स्लग’, ‘किंग ऑफ फायटर्स ९६’ चालतात तो) चौथं बटण लागतं, ते २५ नंबरवर. कॅपकॉमच्या सीपीएस-२ बोर्डाला (‘अल्फा २’चा) सहा बटणं. खालची तीन जॅमावर नसून ३४ पिनांच्या वेगळ्या कनेक्टरवर आहेत. स्पीकरची उणे तार ग्राउंडला जोडायची नाही. काही बोर्डांत त्याने अ‍ॅम्प्लिफायर जातो.

चित्रासाठी आर्केड मॉनिटर नसेल तर जीबीएस-८२०० हा कन्व्हर्टर बोर्ड वापरून साध्या व्हीजीए मॉनिटरवर आणता येतं. सिंकच्या तारेत ४७० ओहमचा रेझिस्टर सिरीजला घाला. बोर्डाची सिंक त्या कन्व्हर्टरला जड पडते. चित्र तिरकं पळत असेल तर सिंक, एकच रंग गायब असेल तर त्या रंगाची तार. आर्केड मॉनिटर वापरणार असाल तर आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय लावू नका, आणि कॅबिनेटच्या सगळ्या धातूच्या भागांना, कॉइनच्या दारासकट, अर्थिंग द्या. पावसात ओल्या पायांनी मुलं खेळायला येतात.

बोर्डावरच्या बॅटऱ्या

एमव्हीएस बोर्डावर ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी असते. ती गळते आणि खालचे ट्रॅक खाते. बोर्ड चालत असला तरी ती आधी कापा. गळलेली जागा पांढऱ्या व्हिनेगरने पुसा (द्रव अल्कली असतो, म्हणून आम्ल), मग अल्कोहोलने, आणि पूर्ण वाळू द्या. त्याजागी सरळ सीआर२०३२ बसवायचा नाही. बोर्ड मूळ बॅटरीला चार्ज करतो, आणि लिथियमचा साधा सेल चार्ज झाला तर फुटू शकतो. चार्जिंगची वाट डायोडने अडवा, नाहीतर तशीच रिचार्जेबल बॅटरी लावा. ‘कॅलेंडर एरर’ किंवा ‘बॅकअप रॅम एरर’ दिसला तर रोख बॅटरीकडे आणि तिच्याभोवतीच्या ट्रॅककडे. एमव्हीएसच्या कार्टमध्ये (गेमच्या कॅसेटमध्ये) दोन बोर्ड असतात. आवाज ठीक पण चित्रं विस्कटलेली असतील तर सीएचए लिहिलेल्या बोर्डाच्या पट्ट्या साफ करा. वीज चालू असताना कार्ट कधीच काढू नका.

‘अल्फा २’च्या सीपीएस-२ बोर्डावरची बॅटरी वेगळी, ३.६ व्होल्टची लिथियम. ती उतरली की गेम उलगडण्याची किल्लीच पुसली जाते आणि बोर्ड सुरूच होत नाही. असा मेलेला बोर्ड टाकून देऊ नका. आर्डुइनो (छोटा प्रोग्रॅम करता येणारा बोर्ड) जोडून किल्ली परत लिहिता येते. मूळ ‘मुस्तफा’लाही अशी बॅटरी आहे, बूटलेगला (नकली बोर्डाला) सहसा नसते.

कॉइन

कॉइन मेक (नाणं ओळखणारा भाग) तुलनेवर चालतो: चिमट्यात एक नमुन्याचं नाणं कायम अडकवून ठेवायचं, आत पडलेलं नाणं त्याच्याशी जुळलं तर १२ व्होल्टवर चालणारा मेक १६ नंबरला क्षणभर ग्राउंड देतो. १९९२पासूनचा जुना रुपया २५ मिमीचा, २०११नंतरचा जवळपास २२ मिमीचा. एक नमुना दुसऱ्याला घेत नाही, म्हणून आधी ठरवा कुठला चालवायचा, आणि जुना ठरवलात तर गल्ल्यात त्याचा साठा ठेवून खेळणाऱ्याला बदलून द्या. नाणं पडूनही क्रेडिट येत नसेल तर मेकवरचा पल्स-रुंदीचा स्विच मधल्या जागेवर आणा. एका नाण्याला दोन क्रेडिट पडत असतील तर स्विच उलट बाजूला. तरीही जमलं नाही तर १६ नंबर हाताने ग्राउंडला टेकवून बघा. क्रेडिट आलं तर बोर्ड चांगला आहे, दोष मेकचा किंवा त्याच्या तारेचा.